दोन संसदरत्नांना साष्टांग नमस्कार

मा. खासदार श्री. श्रीरंग अप्पा बारणे (मावळ) आणि
मा. खासदार डॉ. अमोल कोल्हे (शिरूर) यांच्या सेवेशी,



पत्र एक आणि मानकरी दोन, यात आमचा इलाज नाही. २००८ च्या पुनर्रचनेत पिंपरी आणि चिंचवड अप्पांच्या मावळात गेले, भोसरी आणि खेड-आळंदी डॉक्टरसाहेबांच्या शिरूरमध्ये. त्यामुळे आकुर्डीत राहून चाकणला कामाला जाणारा माणूस डबा भरतो एका खासदाराच्या हद्दीत आणि उघडतो दुसऱ्याच्या हद्दीत. एका घासाला दोन खासदार लाभावेत, हे भाग्य या देशात किती जणांचं असेल? त्याबद्दल प्रथम आपणा दोघांचे आभार.

दुसरे आभार आपल्या सोयीच्या बसण्याबद्दल. अप्पा सत्ताधारी बाकांवर, डॉक्टरसाहेब विरोधी बाकांवर. काम मंजूर झालं की अप्पांच्या पाठपुराव्याला यश येतं. काम अडलं की डॉक्टरसाहेब सरकारला जाब विचारतात. दोन्ही वेळा चौकात फ्लेक्स लागतो आणि दोन्ही वेळा त्याच फ्लेक्सखाली आमची बस उभी असते.

आपण दोघेही संसदरत्न आहात, याचा आम्हाला अभिमान आहे. अप्पांना तर २०२५ मध्ये सलग तीन लोकसभांमधल्या कामगिरीचा विशेष सन्मान मिळाला. हा पुरस्कार संसद देत नाही, चेन्नईची प्राइम पॉइंट फाउंडेशन ही संस्था देते, एवढा तपशील फलकावर मावला नाही तरी चालेल. संस्था मोजते ते रास्तच मोजते: किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, किती खासगी विधेयकं मांडली. प्रश्नाचं उत्तर आल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातली बस किती पुढे सरकली, याचा रकाना तिच्या तक्त्यात नाही. तो रकाना भरायचं काम आमच्याकडे आहे आणि आम्ही तो रोज भरतो.

महामार्गाबद्दल आभार मानायला कुठून सुरुवात करावी? २ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. ७,८२७ कोटी रुपये. त्या दिवशी भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत अभिनंदनाचा पाऊस पडला. २०२५ चा डिसेंबरही उलटला. त्या उन्नत मार्गावरून अजून एकही गाडी गेलेली नाही. खाली मात्र सगळ्या गाड्या आहेत. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मेदनकरवाडी, आंबेठाण चौक, तळेगाव चौक ही नावं बाहेरच्या माणसाला गावांची वाटतील. आमच्यासाठी ती उशिराची मोजमापं आहेत. 'मी कुरुळीत आहे' असं फोनवर सांगितलं की घरच्यांना कळतं, भाजी आत्ताच गरम करायची नाही.

मंचर, नारायणगाव, खेड इथली बाह्यवळणं झाली, हे खरं आहे, आणि त्याचं श्रेय त्यासाठी झगडणाऱ्यांना द्यायलाच हवं. पण नाशिककडून सुसाट आलेली गाडी अखेर चाकणलाच येऊन थांबते. देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांचे कारखाने जिथे आहेत, तिथेच वाहन चालत नाही, ही व्यवस्था ज्यांच्या कारकिर्दीत पक्की झाली त्यांचे आभार मानायला शब्द अपुरे पडतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री भल्या पहाटे चाकणच्या चौकात पाहणीला येऊन गेले. पहाटे आल्याबद्दल त्यांचेही आभार. आपणा दोघांना मात्र मी वेगळी वेळ सुचवते: दुपारी अडीच ते चार. फर्स्ट शिफ्ट सुटते, सेकंड आत जाते, माल भरलेले कंटेनर म्हाळुंग्याकडून बाहेर पडतात आणि शाळेच्या व्हॅन त्यांच्या मधे सापडतात. गेटवर पंचिंगला उशीर झाला तर कायम कामगाराला लेट मार्क लागतो. ठेकेदारीवरच्या पोराचा अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचा पैसा कोणत्याही मंत्रालयाच्या हिशेबात दिसत नाही. तो त्याच्या खोलीभाड्यातून जातो.

रेल्वेबद्दलही ऋणी आहोत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड मार्ग चाकणवरून जाणार होता. २३५ किलोमीटर, सुमारे १६,००० कोटींचा प्रकल्प. मोजणी झाली, काही गावांत जमीन खरेदीही झाली. मग रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं की वाटेत खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे, गाडीमुळे तिच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवावा लागेल. दुर्बिणीचं काम मोलाचं आहे, तिच्याशी आमचं भांडण नाही. पण तिच्या ३० अवाढव्य तबकड्या नारायणगावजवळ १९९० च्या दशकापासून उभ्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्या टिपतात. त्या तबकड्या मात्र रेल्वेच्या आखणीकारांना इतक्या उशिरा दिसल्या. डॉक्टरसाहेब, आपण जुन्या मार्गाचा आग्रह धरलात, ते योग्यच केलंत. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर आखणीच्या खुणा पडून राहिल्या, त्यांच्या वतीने आभार. त्या खुणांवर बँक कर्ज देत नाही.

आणि अप्पा, लोणावळा लोकल. १९७८ पासून ती पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला नेते-आणते. शहर तेव्हापासून केवढं झालं, रूळ दोनच राहिले. त्याच दोन रुळांवरून मुंबईच्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि आमची लोकल. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं आश्वासन इतक्या निवडणुकांत ऐकलंय की आमच्याकडच्या मुलांना ते पाठ आहे. वारशाने मिळणाऱ्या गोष्टी फार कमी उरल्यात, त्यात आपण भर घातलीत.

रेड झोनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे आपली खरी कसोटी होती. रस्त्यासाठी राज्याकडे, पालिकेकडे, पोलिसांकडे बोट दाखवता येतं. रेड झोनसाठी तशी सोय नाही. तो संरक्षण मंत्रालयाचा विषय आहे, दिल्लीचा, म्हणजे निव्वळ आपला. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांचं क्षेत्र प्रतिबंधित आहे. देहूरोड अप्पांकडे, तळवडे डॉक्टरसाहेबांकडे. त्या पट्ट्यात हजारो कुटुंबं अर्ध्या-एक गुंठ्यावर घरं बांधून बसली आहेत. ती हौसेने तिथे गेली नाहीत. कारखान्यात मजुरी करणाऱ्याला परवडेल अशी जागा तेवढीच होती. त्यांच्या घराला परवानगी नाही, कर्ज नाही, विकायला गेलं तर नोंदणीच्या अडचणी. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये तर केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून झोपडीधारकांसाठी इमारती उठल्या आणि त्या रेड झोनमध्ये येतात म्हणून न्यायालयात अडकल्या. सरकारने गरिबासाठी घर बांधलं आणि सरकारच्याच दुसऱ्या खात्याने ते मना केलं. इमारतींना भेगा पडल्या, ज्यांची नावं यादीत होती त्यांची मुलं बापे झाली.

दर निवडणुकीत रेड झोनची हद्द कमी करण्याचं वचन मिळतं. संरक्षणमंत्र्यांना निवेदन देतानाचा फोटो मिळतो. मंत्री बदलतात, पुष्पगुच्छ बदलतो, २,००० यार्ड बदलत नाहीत. सुरक्षेसाठी हद्द तेवढीच लागत असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि त्या माणसांचं पुनर्वसन मागा. लागत नसेल तर कमी करून आणा. यातलं काहीच न करता त्यांना टांगून ठेवलंत, म्हणजे पुढच्या वचनासाठी जागा शिल्लक राहिली. त्या काटकसरीचं कौतुक वाटतं.

पिंपरीची एचए कंपनी आठवते का? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची, देशातला सरकारी औषधनिर्मितीचा पहिला कारखाना. हे शहर महापालिका व्हायच्या २८ वर्षं आधी तिथे पेनिसिलिनची तयारी चालू झाली होती. पुढे पगार थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकायचं ठरवलं. पिंपरीच्या मधोमध एवढी मोकळी जमीन आहे याची आठवण दिल्लीला राहिली. तिथे औषध बनतं, याची आठवण आपण करून देत राहा.

पक्षांबद्दल बोलणं बरं दिसत नाही, पण आपल्या उमेदवाऱ्यांनी आम्हाला फार गुंतवून ठेवलं. २०१९ मध्ये शिरूरला डॉक्टरसाहेब घड्याळावर उभे होते आणि शिवाजीराव आढळराव धनुष्यबाणावर. २०२४ मध्ये आढळराव घड्याळावर, डॉक्टरसाहेब तुतारीवर. तिकडे मावळात पार्थ पवारांना हरवलेल्या अप्पांसाठी पुढच्याच निवडणुकीत पार्थ यांच्या वडिलांचा पक्ष मतं मागत होता. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मतदारांना दर वेळी चिन्ह नव्याने शिकवावं लागलं. रस्ता मात्र त्यांना न शिकवता येतो, तो होता तसाच आहे.

आता बैलगाडा शर्यतींविषयी. इथे मी अगदी सरळ मनाने आभार मानते, कारण याच गोष्टीने मला सर्वाधिक राग येतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. मग काय घडलं ते सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. मोर्चे निघाले, महामार्ग अडले, २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो अडकला, तरी कुणी थांबलं नाही. लोकसभेत भाषणं झाली, नामवंत वकील उभे राहिले. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी आली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. डॉक्टरसाहेब, आपण तर दिलेला शब्द पाळून शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडीही पळवलीत. नऊ वर्षं सगळे पक्ष एका दिशेने ओढत होते.

म्हणजे आपल्याला जमतं. पाठपुरावा कसा करायचा हे आपल्याला उत्तम माहीत आहे. कायदा आडवा आला तर कायदा बदलायचा, न्यायालय आडवं आलं तर न्यायालयात लढायचं, पक्ष आडवा आला तर तो बाजूला ठेवायचा, हे सगळं आपण करून दाखवलंत. मग ज्याच्या घामावर हा पट्टा उभा राहिला त्या माणसाच्या वाट्याला त्यातलं काहीच का आलं नाही?

त्याच्या वाट्याला काय आलं, ते सांगते.

कामगार संहिता आल्या. त्यांतल्या तीन २२ आणि २३ सप्टेंबर २०२० अशा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाल्या, विरोधक बहिष्कारावर असताना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या. कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून लागते. मुदतीच्या कामगाराला एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार, हे चांगलं आहे आणि ते मी मानते. पण चाकणच्या शेडांमध्ये किती ठिकाणी ३०० माणसं एका हजेरीपटावर असतात, हे आपण दोघे माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एवढा मोठा कायदा बदलला आणि आपल्या मतदारसंघातल्या कामगाराला बोलावून त्याची एक सभा घ्यावी, असं कुणाला वाटलं नाही. त्याचा वेळ वाचवल्याबद्दल आभार. तो तसाही कुरुळीतच होता.

कामगार विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची, वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० वर आहे. त्यापुढे वेतन गेलं की कामगार योजनेबाहेर. वाढत्या महागाईत पगार कसाबसा २१,५०० झाला, म्हणजे माणूस श्रीमंत झाला असं आपलं सरकार धरतं. एवढी श्रीमंती इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि पेन्शन. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. मशीनशॉपमध्ये उभं राहून गुडघे गेले, कान गेले. दर महिन्याला मालकाच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जात होते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ची, नोव्हेंबर २०२५ मध्ये ती तीस वर्षांची झाली. तिचं किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. अप्पा, आपण त्याच वर्षी मे महिन्यात पहिल्यांदा लोकसभेत गेलात. आपली तिसरी टर्म चालू आहे, हजार रुपयांचे हजारच राहिले. त्याहीआधी, २०१३ मध्ये, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० ची शिफारस केली होती. कोश्यारी पुढे आमचे राज्यपाल झाले, राजभवनातून पायउतारही झाले. शिफारस आहे तिथेच आहे. पेन्शनरांच्या संघटना ७,५०० आणि महागाई भत्ता मागत आहेत, दिल्लीच्या थंडीत जाऊन मागत आहेत, सत्तरी ओलांडलेली माणसं.

आपल्या पेन्शनचं मात्र उत्तम चाललंय, हे वाचून समाधान वाटलं. २०१८ मध्ये खासदारांचा पगार ५०,००० वरून एक लाख झाला आणि तेव्हाच कायद्यात अशी तजवीज झाली की दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे तो आपोआप वाढावा. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली: पगार १,२४,०००, मतदारसंघ भत्ता ८७,०००, माजी खासदाराचं पेन्शन २५,००० वरून ३१,०००. तेही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या फरकासकट. मोर्चा नाही, उपोषण नाही, निवेदन नाही. माजी खासदार किती काळ सभागृहात होता याचीही पेन्शनला अट नाही. माझ्या वडिलांच्या योजनेत किमान दहा वर्षं सेवा लागते आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर घासून बोटांचे ठसे पुसलेले म्हातारे यंत्रावर पुन्हापुन्हा अंगठा दाबत राहतात, यंत्र त्यांना ओळखत नाही.

मला आपल्या ३१,००० चा हेवा नाही. लोकप्रतिनिधीला सन्मानाने जगता यायला हवं, हे मी मनापासून मानते. महागाई वाढते, म्हणून रक्कम वाढायला हवी, हे तत्त्व संसदेने आपल्यासाठी मान्य केलंच आहे. तेच तत्त्व, तोच निर्देशांक, तोच २४ टक्के दर आमच्या हजाराला लावला तर १,२४० रुपये होतात. दोनशे चाळीस रुपये. आपल्या दोघांच्या संसदेने २०१४ पासून तेवढेही दिले नाहीत.

आपल्या कार्यालयांबद्दल कृतज्ञता राहूनच जात होती. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत पालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे तुंबलेलं गटारही खासदाराकडे यायचं आणि आपली माणसं ते ऐकून घ्यायची. पंतप्रधान सहायता निधीसाठी आपण दिलेल्या पत्रावर उपचार झालेले रुग्ण माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या घरी आपलं नाव आदराने घेतात. म्हणूनच सांगते, पत्र देणारे हात कायदाही बदलू शकतात. पत्राने एक माणूस वाचतो. त्या माणसाला पत्र मागायची वेळ का आली, हा प्रश्न सभागृहात सोडवायचा असतो, आणि त्यासाठी आम्ही आपल्याला तिकडे धाडलं.

आता पुढची निवडणूक येईलच. आपण दोघेही प्रचाराला आमच्या गल्लीत याल. औक्षणाचं ताट तयार ठेवू. येताना एक कागद आणावा, एवढीच प्रार्थना. शुक्रवारी लोकसभेत शेवटचे अडीच तास खासगी विधेयकांसाठी असतात. दोघांनी मिळून एक विधेयक द्यावं: खासदारांचं पेन्शन ज्या निर्देशांकाने वाढतं, त्याच निर्देशांकाने कर्मचारी पेन्शन योजनेचं किमान पेन्शन आणि ईएसआयची वेतनमर्यादा वाढेल. सत्ताधारी आणि विरोधक दोघांच्या सह्या एका कागदावर. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. बैलगाड्याही सुरू होणार नाहीत असंच सगळे म्हणत होते.

मसुदा लिहायला सवड नसेल तर काळजी नसावी. प्राधिकरणातल्या बागेत रोज सकाळी पेन्शनर मंडळी बसतात. त्यांच्यात माजी युनियनवाले आहेत, हिशेबनीस आहेत, मागण्यांची पत्रकं लिहून त्यांचा हात बसलेला आहे. ते शुद्ध मराठीत आणि चांगल्या इंग्रजीत, दोन्ही प्रती करून देतील. आपण फक्त कोणत्या शुक्रवारी मांडणार ती तारीख कळवावी. त्या दिवशी सगळे टीव्हीसमोर बसणार आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवणं आपल्या हाती.

आपली नम्र मतदार,
आकुर्डी